मावशीचा डोळा आणि इंदूरची आंधी

मे महिन्यात इंदूरला जाऊ नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी मी गेलेच असते, हा भाग वेगळा. पण निदान तोंड वाकडं करून तरी गेले असते.

मी चिपळूणची. एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते, म्हणून मे महिना मोकळा असतो. आणि घरातल्या ज्या माणसाला मे महिना मोकळा असतो, त्याच्या वाट्याला नात्यातली सगळी आजारपणं येतात. यंदा लीलामावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं.

लीलामावशी ही आईची धाकटी बहीण. वय त्र्याहत्तर. लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिकडचीच झाली. तिथल्या शाळेत तिने पस्तीस वर्षं गणित शिकवलं. काका नऊ वर्षांपूर्वी गेले, एकुलता एक मुलगा निखिल कॅनडात. मावशीचा उजवा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला होता आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या तीन वर्षांत इतका वाढला होता की समोरचं माणूस ती आकारावरून आणि आवाजावरून ओळखायची. डॉक्टर म्हणायच्या, एकच डोळा उरलाय, ऑपरेशन करूनच घ्या. मावशी म्हणायची, एकच डोळा उरलाय, म्हणूनच नको. या वादात तीन वर्षं गेली. यंदा ती कशीबशी हो म्हणाली, तर निखिलची कसली तरी कागदपत्रं अडकली आणि त्याला तिथून निघता येईना. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सोमवार, सुदामा नगर

माळव्यातली उष्णता कोरडी असते, घाम आला तरी लगेच सुकतो, असं आमच्याकडे सगळे सांगतात. ते सगळे जानेवारीत जाऊन आलेले असावेत. मी स्टेशनाबाहेर आले तेव्हा अकरा वाजले होते, रिक्षाच्या सीटला हात लावता येत नव्हता आणि पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते ते काही सुकत नव्हते. चिपळूणलाही घाम येतो, पण संध्याकाळी खाडीवरून वारा तरी येतो. इथे झाडाचं पान हलत नव्हतं. आभाळ निळंही नव्हतं आणि ढगाळही नव्हतं, नुसतं मळकट होतं.

मावशी फाटकाशी उभी होती. सुदामा नगरातलं तिचं घर बैठं, पुढे तुळस आणि कर्दळ, आणि खिडकीत बसवलेला पत्र्याचा मोठा कूलर.

"कोण? वैशू का?"

"मीच."

"आकार तर तुझाच वाटून राहिला आहे. ये बेटा, आधी पानी पी, मग बोल."

इंदूरची मराठी कानाला लागायला मला अर्धा दिवस लागतो. क्रियापदं आपली, पण त्यांच्या आत कधी हिंदी येऊन बसेल सांगता येत नाही. मावशीला आता ते जाणवतही नाही. उलट मी "पिशवी" म्हटलं की ती म्हणते, "किती शुद्ध बोलते गं तू, एकदम किताबी."

जेवायला बसलो तर कूलर चालू असूनही जीव जात होता. हवा दमट असली की कूलर नुसता ओला वारा फेकतो, हे मला तिथे कळलं. एसी का घेत नाहीस म्हणून विचारलं, तर एसीने तिचे गुडघे दुखतात. मी आणलेल्या दोन डझन हापूसची पेटी तिने उघडायला लावली, एकेक आंबा नाकाशी नेला आणि "हा कल, हा परसों" अशी वर्गवारी केली. तेवढ्यात माझा फोन वाजला. निखिल.

"वैशूताई, पोचलीस? ऐक, उद्या इंदूरला ऑरेंज अलर्ट आहे. दुपारनंतर वीज, वारा, सगळं. उद्याचं ऑपरेशन पुढे ढकल."

"अरे, ऑपरेशन खोलीत आहे, मैदानात नाही."

"आणि परत येताना? धूळ? मधेच लाइट गेली तर? ताई, एकच डोळा आहे गं."

त्याच्या फोनवर हवामानाची चार निरनिराळी ॲप आहेत हे मला त्या दिवशी कळलं. चारही ॲपचे फोटो काढून त्याने मला पाठवले. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणूनच तर जास्त वैताग आला. दवाखान्यात ऑपरेशनं मंगळवारी आणि गुरुवारी व्हायची. मी फोन केला, त्यांनी निमूटपणे गुरुवार दिला. मावशीला सांगितलं, तर ती "ठीक आहे ना" म्हणाली आणि आंब्यांकडे वळली. पण तिचे खांदे थोडे खाली आले, ते मला दिसलं. पुढे ढकलल्याचं तिला बरंच वाटलं होतं.

मंगळवार, न आलेलं वादळ

सकाळी मावशीने कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणायला पाठवलं. इंदूरचे पोहे आपल्यासारखे कढईत परतून वाढत नाहीत, मोठ्या पातेल्याखाली पाणी उकळत ठेवून वाफेवर गरम ठेवतात. ते सुटे, पिवळेधमक, बडीशेपेच्या चवीचे. वर शेव, कांदा आणि जिरावन नावाचा मसाला. शेजारी गरम जलेबी. कोकणात पोह्यांवर ओलं खोबरं नसेल तर पाहुणा मनातल्या मनात नाराज होतो. इथे मी खोबऱ्याचं नाव काढलं, तर दुकानदार म्हणाला, "नारियल तो मंदिर में चढ़ता है दीदी." मी वाद घातला नाही. पोहे उत्तम होते. त्या आठवड्यात माझ्या मनासारखी झालेली ती पहिली गोष्ट.

दहा वाजल्यापासून निखिलचे निरोप सुरू झाले. "आता तीन तासांत." "आता दोन तासांत." "कपडे आत घे." "कूलर बंद कर, वीज पडते." मावशी शिस्तीची. तिने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, फ्रिजची तार काढली, कूलर बंद केला. बंद घरात आम्ही दोघी वर्तमानपत्राने वारा घेत बसलो. अलर्टमध्ये लिहिलं होतं, "जिले में कहीं-कहीं."

"कहीं-कहीं म्हणजे कुठे?" मी चिडून विचारलं.

"शून्य आणि एकच्या मधे," मावशी म्हणाली. "पूर्ण खोटं पण नाही पडणार, पूर्ण खरं पण नाही."

तीन वाजले, चार वाजले, सहा वाजले. बाहेर लख्ख ऊन. एक कावळा गच्चीवर चोच उघडी टाकून बसला होता. थेंब नाही, वारा नाही. ऑपरेशन त्या दिवशी सहज झालं असतं, आणि एव्हाना मावशी घरी येऊन झोपलीही असती. फ्रिज बंद ठेवल्यामुळे दूध नासलं ते वेगळंच. मी निखिलला लिहिलं, "तुझं वादळ कॅनडाला गेलं वाटतं." त्याने उत्तर दिलं, "सॉरी ताई. उद्या ग्रीन आहे."

बुधवार, ग्रीन

ग्रीन म्हणजे काही होणार नाही. म्हणून मी कपडे धुतले, गच्चीवर वाळत घातले, मावशीच्या गाद्याही उन्हात टाकल्या आणि शहर बघायला बाहेर पडले.

घसा कोरडा पडला होता. एका दुकानावर "शिकंजी" अशी पाटी दिसली. मला शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत एवढंच माहीत. मोठा ग्लास सांगितला. आलं ते घट्ट, पिवळसर, गोड दूध, त्यात केशर आणि सुका मेवा. चमच्याने खायची चीज. मी म्हटलं, यात लिंबू कुठाय? दुकानातला माणूस माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी बासुंदीत लिंबू पिळा म्हटलं होतं. "इंदौर की शिकंजी ये ही है, दीदी. पी के तो देखो." प्यायले. रुचकर होती, पण तहान दुप्पट वाढली.

परत येताना चारच्या सुमाराला पश्चिमेकडचं आभाळ एकदम मातकट झालं. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत आंधी आली. आंधी म्हणजे आपला वळीव नव्हे. वळवाला आधी मातीचा वास येतो, मग थेंब. इथे आधी मातीच येते. डोळे, नाक, दात, सगळीकडे धूळ. घरी पोचले तेव्हा मावशी जिन्याच्या कठड्याला धरून गच्चीकडे चालली होती, त्या तसल्या डोळ्यांनी, माझे कपडे काढायला. मी तिला ओढून आत आणलं आणि वर धावले. दहा मिनिटांत खेळ आटोपला. माझे दोन पंजाबी ड्रेस शेजारच्या आवळ्याच्या झाडावर, तिसरा सापडलाच नाही. गाद्या चिखलाने माखलेल्या. लाइट गेली ती साडेआठला आली. कूलर नाही, पंखा नाही, आणि पावसाच्या चार थेंबांनी हवा आणखी चिकट झालेली.

"ग्रीन होतं ना?" मी निखिलला फोनवर विचारलं. माझा आवाज चांगला नव्हता.

"लोकल सेल असेल ताई, एकाच जागी उठलेला ढग. ते कळत नाही आधी."

"जे कळतं ते होत नाही, जे होतं ते कळत नाही. मग कळवतोस कशाला?"

मावशीने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला म्हणाली, "तू जेवलास का?"

गुरुवार, पोलोग्राउंड

आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे. गुरुवारी सकाळी सात वाजता निखिलचा निरोप आला. रेड अलर्ट. खाली लिहिलं होतं, "ताई प्लीज, आज नको." मी तो वाचला. मावशी तेव्हा न्हाऊन, पांढरी कॉटनची साडी नेसून, देवापुढे बसली होती. तिने रात्रभर कूस बदललेली मी ऐकली होती. मी आवाज बंद करून फोन पर्सच्या तळाशी टाकला.

"निखिलचं काही आलं का?" तिने विचारलं.

"काही नाही. निघू या."

रिक्षा राजूभियांची; इंदुरात भैयाला भिया म्हणतात. पन्नाशीचा, मिशीवाला, बोलका माणूस. मावशी गेली दोन वर्षं त्यांच्याच रिक्षाने फिरते. मी त्यांना मुद्दाम विचारलं, आज हवा कशी राहील? ते आभाळाकडे न बघताच म्हणाले, "आप तो बैठो दीदी. आंधी-वांधी कुछ नी आ री. कल आ के चली गई." मला तेवढंच ऐकायचं होतं.

दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, एकच डोळा असल्यामुळे त्या पट्टी उद्या सकाळी स्वतःच उघडतील. तोवर वाकायचं नाही, गचका बसू द्यायचा नाही, डोळ्याला पाणी नाही, आणि धूळ तर अजिबात नाही. डोळ्यावर कापसाची पट्टी, तिच्यावर प्लास्टिकची ढाल, वर काळा चष्मा. म्हणजे त्या दिवसापुरती मावशी पूर्ण आंधळी. तिने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

दीड वाजता आम्ही निघालो. पोलोग्राउंडच्या, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या भागाच्या, जवळ आलो आणि दिवस मावळल्यासारखा उजेड कमी झाला. समोरून एक तपकिरी भिंत चालत येत होती. राजूभिया "अरे बाप रे" एवढंच म्हणाले.

रिक्षाला दोन्ही बाजू उघड्या. मी माझी ओढणी मावशीच्या डोक्याभोवती गुंडाळली, तिचं डोकं छातीशी धरलं आणि वाऱ्याकडे पाठ करून बसले. वाळू पाठीवर सुईसारखी लागत होती. एक जाहिरातीचा फ्लेक्स फाटून आमच्या पुढच्या काचेवर येऊन बसला, राजूभियांना काही दिसेना. त्यांनी अंदाजानेच रिक्षा डावीकडच्या गल्लीत घातली. दोन्हीकडे कारखान्यांची शटरं. सगळी बंद. एकच अर्धं उघडं, कमरेएवढं. आतून एक बाई हात हलवून ओरडत होती, "झुक के आ जाओ! जल्दी!"

"झुकता येत नाही!" मी ओरडले. हिंदी सुचलीच नाही. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय! वाकायचं नाही त्यांनी!"

बाईने आत वळून कुणाला तरी हाक मारली आणि दोन माणसांनी मिळून ते शटर वर उचललं. आम्ही आत शिरलो आणि आमच्यामागून सगळा वारा आत शिरला.

आत काय असावं? कूलरचा कारखाना. कूलरच्या बाजूंना लावतात ते लाकडाच्या बारीक छिलक्यांचं वाळकं गवत तिथे ढिगांनी पडलं होतं, आणि ते सगळं वाऱ्याने उठलं. धुळीपासून पळून मी मावशीला भुशाच्या कोठारात आणलं होतं. शटर खाली आलं, पण पत्र्याच्या छपराच्या फटींतून वारा येतच होता आणि हवेत गवताचा तूस तरंगत होता. केबिन नाही, खोली नाही. चार भिंती आणि वर पत्रे.

"मावशी, डोळा बंद ठेव. दोन्ही बंद ठेव."

"बंदच आहेत गं. पट्टीखाली दुसरं काय करणार?"

शटर उघडायला लावणारी बाई जवळ आली. चाळिशी ओलांडलेली, केसांना रुमाल बांधलेला. "तुम्ही मराठी आहे?" तिने विचारलं. "मी पण. सरिता दळवी. आमचे दादाजी मिलमध्ये आले होते. मला बोलायला थोडी गडबड होते, पण समजते सगळं." आणि पुढचं वाक्य बोलायच्या आत ती कामाला लागली. तिने एक लोखंडी स्टूल ओढलं, मावशीला त्याच्यावर बसवलं, आपल्या पिशवीतून धुतलेली ओढणी काढून मावशीच्या तोंडावर सैल बांधली. मग कोपऱ्यातून नव्या कूलरचा पुठ्ठ्याचा भलामोठा खोका आणवला आणि तो उपडा करून हळूच मावशीवर ठेवला. मावशी डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत खोक्यात गेली.

"हवा?" मी घाबरून विचारलं.

"छेद आहेत ना, उचलायचे." सरिताने खोक्याच्या बाजूचं हात घालायचं भोक दाखवलं. मी गुडघ्यांवर बसले, भोकातून हात आत घातला. मावशीने तो पकडला.

"वैशू," खोक्यातून आवाज आला, "इथे फार गरम होऊन राहिलं आहे."

मग गारा आल्या. पत्र्यावर गारा पडतात तेव्हा बोलणं संपतं. कोपऱ्यातला एक पत्रा आधी फडफडायला लागला, मग खिळे सुटून वर उचलला गेला, आणि एक मोठा आवाज होऊन तो नाहीसाच झाला. त्या जागेतून वारा, पाऊस आणि गारा सरळ आत. खोका हलला, एका बाजूने उचलला गेला. राजूभिया धावत आले, त्यांनी दोन्ही हातांनी खोका मिठीत घेतला आणि त्यावर छाती टेकवली. दुसरीकडून सरिता. त्यांच्या पाठीवर गारा पडत होत्या. राजूभिया मोठ्याने म्हणत होते, "माताजी, टेंशन मत लो, अपन हैं!" मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग सगळा माझ्यावरच होता.

तेवढ्यात पर्समध्ये काहीतरी थरथरलं. मी एका हाताने फोन काढला. निखिल. पंधरा वेळा करून झाला होता.

"ताई! आई कुठाय?"

"खोक्यात!"

"काय?"

"खोक्यात आहे! ठीक आहे! आंधी आलीय, गारा पडताहेत, तू बरोबर होतास, झालं समाधान? आता ठेव फोन!"

त्याने ठेवला नाही. मावशीने माझा हात ओढला. मी भोकाशी कान लावला.

"निखिल आहे ना?" ती म्हणाली. "त्याला सांग, झोप म्हणून. तिकडे पहाटेचे साडेचार वाजले आहेत. सोमवारपासून झोपला नाहीये तो. मी मोजते ना."

मी मोजलं नव्हतं. चार दिवस तो दुपारी बारा वाजता, एक वाजता, तीन वाजता निरोप पाठवत होता आणि मी चिडत होते. माझ्या दुपारी त्याच्या रात्री होत्या, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुझी आई सांगतेय, झोप," मी फोनमध्ये म्हटलं.

"मी इथून दुसरं काय करू शकतो, ताई?" तो म्हणाला. मग त्याने ठेवला.

पाऊण तासाने सगळं थांबलं. गल्लीत गारांचा पांढरा थर आणि तुटलेल्या फांद्या. सरिताने खोका उचलला. मावशीचा चेहरा घामाने लाल झाला होता, पट्टी आणि ढाल जागच्या जागी होत्या. सरिताने चहा केला, मी कुठली ते विचारून घेतलं. गेलेल्या पत्र्याच्या जागेतून दिसणाऱ्या आभाळाकडे बघून ती म्हणाली, "मागच्या साली पण इथलाच गेला होता. हा कोपरा कमजोर आहे." मी तिचे आभार मानायला लागले, तर म्हणाली, "तुम्ही चिपळूणच्या ना? आमचं गाव पण तिकडेच कुठे. दादाजी नाव सांगायचे, मी भूलून गेले." मी चारपाच गावांची नावं घेतली. तिने प्रत्येक नाव ऐकून मान हलवली. "नाही. पण छान वाटलं ऐकून."

मुख्य रस्त्यावर कडुनिंब आडवा पडला होता. आता इथेच संध्याकाळ होणार, असं मी धरून चालले. पण महानगरपालिकेची माणसं यंत्र घेऊन आधीच पोचलेली. अर्ध्या तासात झाड कापून बाजूला, आणि दोन बायका उरलेली पानं झाडत होत्या, अजून पाऊस टिपकत असताना. राजूभिया अभिमानाने माझ्याकडे बघत म्हणाले, "देखा दीदी? इंदौर है." त्यांच्या मानेवर गारेने टेंगूळ आलं होतं. मी म्हटलं, "देखा."

घरी पोचल्यावर मावशी म्हणाली, डोळ्यात टोचतंय. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी उघडू नका, थोडं टोचतंच, उद्या सकाळी बघू. म्हणजे धूळ गेली की नाही गेली, ते सकाळपर्यंत कळणार नव्हतं. मावशी उताणी पडून होती. मी तिला वरणभात भरवला. तीनचार घास झाल्यावर मला राहवेना.

"मावशी, सकाळी निखिलचा निरोप आला होता. रेड अलर्ट होता. मी तुला सांगितलं नाही."

तिने घास गिळला.

"मला माहीत होतं. तू अंघोळीला होतीस तेव्हा त्याने माझ्या फोनवर केला होता. मी पण तुला नाही सांगितलं."

"का?"

"अजून एकदा टळलं असतं ना, तर मी परत हो नसते म्हटले." मग म्हणाली, "मंगळवारी मला बरं वाटलं होतं, टळलं म्हणून. त्याचीच मला भीती वाटली. अजून दे थोडा भात."

शुक्रवार, दवाखाना

राजूभिया आठ वाजताच फाटकाशी हजर. रस्ता कोरडा, आभाळ स्वच्छ, हवा चक्क गार. मला त्या चांगल्या हवेचाही राग येत होता.

डॉक्टरीणबाईंनी मावशीला उंच खुर्चीवर बसवलं, ढाल काढली, मग पट्टी. डोळा लाल होता, पाणी गळत होतं. त्यांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. इतका बराच, की मी भिंतीवरच्या पंख्याची पाती मोजायला लागले. मग त्या म्हणाल्या, "धूळ नाही. टाके नाहीतच, जखम नीट बसली आहे. लाली चार दिवसांत जाईल. आजी, समोर काय दिसतं?"

मावशीने तक्त्याकडे बघितलं. वरची ओळ वाचली, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीत ती अडखळली, मग तीही वाचली. गणिताच्या बाई जशा उत्तरं तपासतात तशी हळू, एकेक अक्षर, बोट हवेत धरून. पाचवी नाही जमली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ आहे, पाचवी महिन्याभरात येईल.

मग मावशी खुर्चीवरून माझ्याकडे वळली. तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं. कपाळ बघितलं, डोळ्यांखाली बघितलं, कानाच्या वर केसांतून बोट फिरवलं.

"वैशू," ती म्हणाली, "तू म्हातारी कधी झालीस गं?"

"तीन वर्षं झाली, मावशी. मी तर समोरच होते. मागल्या दिवाळीतही आले होते."

"मला कुणी सांगितलं पण नाही."

बाहेर राजूभियांनी हॉर्न वाजवला. दारात पुढचा पेशंट उभा होता. डॉक्टरीणबाईंनी थेंबांची चिठ्ठी पुढे केली, मी ती एका हाताने घेतली. मावशीने हनुवटी सोडली नव्हती. ती बघत होती, आणि मी हलले नाही.